सॉर्टेक्सवर कोण जाणार?

“हात वर करा,” कापगते साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. “लाजाचं काही काम नाही. ज्यायले नवी मशीन शिकाची आहे त्यायनं फक्त हात वर कराचा.”

एकही हात वर गेला नाही. राइस मिलच्या पॅकिंग हॉलमध्ये बायका रिकाम्या पोत्यांवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर माझा भला मोठा फ्लेक्स टांगला होता आणि फ्लेक्सच्या बाजूला मी उभी होते. आपलं काम लोकांसमोर पहिल्यांदा लागतं तेव्हा मला तिथे उभं राहायला आवडतं. त्या दिवशी मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

साकोलीत माझं डिझाइन आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्न, वाढदिवस आणि निवडणुका यांच्यावर दुकान चालतं, पण माझा जीव रमतो कारखान्यांच्या कामात. सेफ्टी पोस्टर, ट्रेनिंगचे चार्ट, मशीन कशी सुरू करायची आणि कशी बंद करायची याची चित्रं. या कामाला हल्ली व्हिज्युअल स्टोरीटेलिंग म्हणतात. भाषणाने जे डोक्यात शिरत नाही ते एकापुढे एक चित्रं ठेवून सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ. हे काम मला फार चांगलं जमतं. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगत असते.

कापगते साहेब म्हणजे या मिलचे मॅनेजर. त्यांनी दिलेला ब्रीफ साधा होता. ब्रीफ म्हणजे गिऱ्हाइकाला चित्रातून काय सांगायचं आहे ते. “मॅडम, एक शिडी काढा. खालच्या पायरीवर झाडूवाली बाई, मंग निवडणीवाली, मंग पोती शिवणारी, मंग मशीनवाली, आन् सगळ्यात वर हेल्मेटवाली सुपरवायझर. खाली लिहा, चला, वर जाऊ या.” मी तशी शिडी काढली. बायकांचे चेहरे आपल्या इकडच्या बायकांसारखे काढले. हेल्मेटवालीच्या नाकात नथ नको म्हणून साहेबांशी भांडलेसुद्धा.

हे सगळं एका मशीनसाठी चाललं होतं. तिला सॉर्टेक्स म्हणतात. तांदूळ वरून पन्हाळीसारख्या पट्ट्यांतून खाली घरंगळतो. कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो. काळा, पिवळा दाणा किंवा खडा दिसला की हवेची बारीक फुंकर त्याला बाजूला उडवते. ऑपरेटरने स्क्रीनवर बोटाने ठरवायचं की किती पिवळा म्हणजे पिवळा. जुनी सॉर्टेक्स भंगारात निघायच्या लायकीची होती, म्हणून तिच्यातून सुटलेला तांदूळ टेबलावर पसरून बायका हाताने निवडत. नवी मशीन आल्यावर निवडणीचं टेबलच बंद होणार होतं. तिथल्या बायका पुन्हा झाडूवर आणि पोती उचलण्यावर जाणार होत्या.

कापगते साहेबांना ते नको होतं. बाहेरून आणलेली पोरं मशीन शिकतात आणि नागपूरला किंवा रायपूरला निघून जातात, हे त्यांनी बघितलं होतं. त्यांनी शेठला, म्हणजे मालकांना, कसंबसं पटवलं होतं की चार ऑपरेटरांपैकी निदान दोन निवडणीच्या बायकांमधून घेऊ. शेठ म्हणाले होते, शनिवारपर्यंत नावं द्या. सोमवारी कंपनीचा इंजिनिअर शिकवायला येतो आहे. नावं नाही आली तर चारही जागा बाहेरच्यांना.

आणि हा असा हॉल. एक हात वर नाही.

मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, “वर जाले सांगून राहिले वो.”

दुसरी म्हणाली, “मले नाही जाचं बाप्पा एवढ्यात. पोरीचं लगन व्हाचं आहे अजून.”

सगळा हॉल हसला. मीही हसले, इलाज नव्हता. माझ्याच अक्षरातलं ‘चला, वर जाऊ या’ मला आता यमराजाच्या आमंत्रणासारखं दिसायला लागलं. साहेबांना मात्र त्यातलं काही हसण्यासारखं दिसलं नाही.

केबिनमध्ये येऊन ते खुर्चीत बसले. “पाह्यलं ना मॅडम? बायकायलेच नाही पाहिजे. मी उगाच शेठपाशी भांडून राहिलो.”

“त्या हसल्या साहेब. ज्याला ऐकायचंच नसतं तो हसत नाही, जांभई देतो.”

“मंग हात काहून नाही वर केला?”

 मी एक गोष्ट पाहिली होती. सगळ्या हसत होत्या तेव्हा एक बाई हसत नव्हती. ती फ्लेक्सकडेही बघत नव्हती. फ्लेक्सच्या वरून, थेट पलीकडे लोखंडी माळ्यावर नुकतीच बसवलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मशीन ती बघत होती. तिचं नाव वनिता. सानगडीची.

ती मला नळापाशी भेटली, डबा धूत होती. मी सरळच विचारलं, “तुला मशीन शिकायची नाही का?”

“शिकाची तं आहे,” ती म्हणाली. “मोबाइलवर पाहून ठेवलं मी कशी चालवतेत ते. त्या स्क्रीनले काही भेत नाही मी.”

“मग हात का नाही वर केलास?”

“असंच.”

“असंच म्हणजे?”

“असंच म्हणजे असंच, ताई. तुमाले नाही समजाचं.” तिने डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मला राग आला. तिचा नाही, स्वतःच्या चित्राचा. जे चित्र समोर टांगूनही माणूस ‘असंच’ म्हणतो, ते चित्र कशाचं? साहेबांकडे गेले आणि म्हटलं, मला उद्याची जेवणाची सुट्टी द्या आणि धान वाळवायचं पटांगण द्या. फ्लेक्स काढून टाका.

“आता नवीन काय छापाले वेळ आहे का मॅडम?”

“छापायचं काहीच नाही. रांगोळी लागेल. भरपूर.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पटांगणावर पोहोचले. सिमेंटचं ते पटांगण कापणीच्या दिवसांत धानाने भरलेलं असतं. दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर होती, नवं धान यायचं होतं, त्यामुळे ते मोकळं होतं. चुन्याने मी त्यावर सगळी मिल काढली. आमच्या धंद्यात याला फ्लोअर मॅप म्हणतात, म्हणजे छप्पर उचलून वरून बघितलं तर इमारत जशी दिसेल तशी. गेट, काटा, गोदाम, निवडणीचं टेबल, शिलाई, आणि मधोमध पॉलिश. पॉलिश म्हणजे तांदळावरचा कोंडा घासून काढणारी मशीन. सॉर्टेक्स खरी तर पॉलिशच्या डोक्यावर, माळ्यावर आहे. पण जमिनीवरच्या नकाशात वरचा माळा वर काढता येत नाही, तो बाजूला काढावा लागतो. म्हणून मी पॉलिशच्या शेजारी एक चौकोन काढला आणि त्यात मशीन दाखवली. या चौकोनाने पुढे काय करून ठेवलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुट्टीत बायका आल्या आणि आल्या आल्या चुका काढायला लागल्या. “संडास तिकडं नाही ना ताई.” “काट्याच्या मागं निंबाचं झाड आहे, ते राह्यलं.” एकीने तर माझ्या हातातला चुन्याचा डबा घेऊन झाड स्वतःच काढलं. मला फार बरं वाटलं. चित्रात चुका काढणारा माणूस चित्रात शिरलेला असतो.

मग प्रत्येकीला एकेका रंगाची रांगोळी दिली आणि म्हटलं, “मिलमध्ये पहिल्या दिवशी आलात तेव्हा कुठे काम केलं? तिथे जाऊन उभ्या राहा. मग कुठे गेलात? चालत जा आणि रांगोळी सोडत जा.”

आधी सगळ्या लाजल्या. मग एक निघाली, तिच्या मागे दुसरी. गेटपासून कोंड्याच्या खोलीकडे, तिथून शिलाईकडे, तिथून निवडणीकडे. एक थोराड बाई, जी मला आधी म्हणाली होती की “मी काही केलं नाही, येते आन् जाते,” तिची हिरवी रेघ बघता बघता अर्धी मिल फिरून आली. ती थांबली, वळून आपल्याच रेघेकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आयो! एवढं केलं का म्या?”

करिअर हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. तो पायाखाली रंगीत दिसत होता. खरं सांगते, एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही छापील कामाने मला इतका आनंद दिला नव्हता. बायका एकमेकींच्या रेघा वाचत होत्या, “तू कोंड्यात होती? मले माहीतच नाही,” असं चाललं होतं. साहेब ऑफिसच्या ओट्यावरून चहाचा कप हातात घेऊन बघत होते, चहा प्यायचं विसरले होते.

मी म्हटलं, “आता जिथे जायचं आहे तिथे जा.”

वनिता निघाली. जरासुद्धा थांबली नाही. निवडणीच्या टेबलापासून सरळ पॉलिशच्या बाजूने, रांगोळी सांडत, सॉर्टेक्सच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. तिच्या मागून आणखी एक आली, मग आणखी. चौकोन भरून गेला. जागा पुरेना तेव्हा त्या एकमेकींना ढकलायला लागल्या.

साहेब ओट्यावरून खाली उतरले. “अवो, मंग काल काहून हात नाही वर केला? काल काय झालं होतं?”

“इथं शिडी नाही ना साहेब,” वनिता म्हणाली.

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. चौकोनातल्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून गप्प झाल्या. मला एकदम समजलं की इथे साहेब नको आहेत. मी म्हटलं, “साहेब, सगळ्यांना चहा सांगता का?” माणूस समजदार, निमूट गेला.

मग त्या बोलल्या. माळ्यावर जायला एक उभी लोखंडी शिडी आहे, सरळसोट. तिच्या अगदी खाली पॉलिश. आणि पॉलिशवर दिवसभर उभे असतात दौलतराव. दौलतराव सानगडीचे. निवडणीच्या बहुतेक बायका सानगडीत दिलेल्या. वनिताच्या नवऱ्याचे ते चुलत मोठे भाऊ, म्हणजे तिचे भासरे. बाकीच्यांनाही ते गावाच्या नात्याने भासरेच लागतात. आमच्या इकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. त्याच्यासमोर धाकट्या भावाची बायको डोक्यावरचा पदर पडू देत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचं आणि भासऱ्याने ते ऐकायचं.

“आता सांगा ताई,” वनिता म्हणाली, “भासऱ्यायच्या डोक्यावरून जाऊ का मी? लुगड्यानं? ते खाली उभे आन् मी शिडीवर?”

“आन् तुमी तं आणखी मोठी शिडी काढून आणली,” थोराड बाई म्हणाली. आता सगळ्या मोकळेपणाने हसल्या. आठ फुटी शिडी, तीही रंगीत, वर ‘चला’ म्हणून बोलावणारी. मीही पोट धरून हसले.

चहा घेऊन साहेब आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आधी त्यांचा विश्वास बसेना. “एवढंच? एवढ्यासाठी?”

“एवढंच असतं तर त्यांनी कालच सांगितलं असतं. तुमच्या घरी भासरे आहेत की नाही?”

साहेबांनी मान हलवली. त्यांच्या घरीही होते. गोदामाकडे बघत म्हणाले, “गोदामाच्या बाजूनं जिना होते. दोन्हीकडून पत्रा लावू. शेठले सांगतो मी, ते माह्यावर सोडा. पण सोमवारपर्यंत जिना नाही होत मॅडम. इंजिनिअर दोन दिवस राहून चालला जाईन. तोपर्यंत काय?”

तोपर्यंत एकच उपाय होता. शिकवण्याचे तास पहिल्या पाळीत होते, दौलतरावही पहिल्या पाळीत. त्यांनी दुसऱ्या पाळीतल्या परगावच्या माणसाशी अदलाबदल केली तर काम भागत होतं. पण हे त्यांना सांगणार कोण? धाकट्या भावाच्या बायकोसाठी भासऱ्याने पाळी बदलायची, ही गोष्ट बोलून दाखवायलाही अवघड.

साहेबांनी त्यांना बोलावलं. उंच, वाळका माणूस, भुवयांवर कोंड्याची भुकटी. वनिता माझ्या पाठीमागे पदर ओढून, तोंड फिरवून उभी राहिली. साहेब अडखळत काय सांगायचं ते सांगायला लागले. दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, तिले इचारा, मशीन खरंच शिकाची आहे का?”

ती माझ्यापासून हातभर अंतरावर. तरी मी वळून विचारलं. रीत ती रीत.

“सांगा, शिकाची आहे,” ती भिंतीकडे बघून म्हणाली.

“शिकायची आहे म्हणते,” मी म्हटलं.

“मंग नाव लिहा म्हणा. मी दुसऱ्या पाळीत जातो. जिना होईपर्यंत तिकडंच राहातो.”

पाठीमागून आवाज आला. “ताई, त्यायले म्हणा, मंडईची दंडार आहे. रोज सांजच्याले तालीम राहते. ढोलकी कोण वाजवन?”

दिवाळीनंतर आमच्या गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते, नाचगाण्याचं आणि सोंगांचं नाटक. सानगडीच्या दंडारीची ढोलकी म्हणजे दौलतराव, हे मला साहेबांनी नंतर सांगितलं. दुसरी पाळी म्हणजे यंदाची तालीम गेली, आणि तालीम गेली म्हणजे मंडईही गेली.  वनिताला मशीन हवी होती, पण ही किंमत तिच्या हिशेबात नव्हती.

दौलतरावांनी भुवयांवरची भुकटी पुसली. “तिले म्हणा, ढोलकीवाले सानगडीत ढीगभर पडले आहेत. सॉर्टेक्सवाली एक बी नाही.”

मी हे तिला सांगितलं नाही.  तिने ते ऐकलंच होतं.

शनिवारी शेठने दोन नावं मागितली होती तिथे साहेबांनी सहा दिली. त्यातून वनिता आणि निवडणीवरचीच रंजना या दोघी ठरल्या. दोघींना ड्रेस आणि टोपी मिळाली. सोमवारी इंजिनिअर आला, हिंदीत भराभर शिकवायला लागला. वनिताने त्याला पहिल्याच तासात थांबवलं, “भैया, धीरे बोलो, और बटन हमको दबाने दो.” त्याने दाबू दिलं. पिवळ्या दाण्याची मर्यादा किती ठेवायची यावर दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी वाद घालत होती, असं साहेब मला फोनवर सांगत होते. आवाजावरून वाटत होतं की ती त्यांचीच लेक असावी.

मंडई आली आणि गेली. सानगडीच्या दंडारीत ढोलकीवर दुसराच कुणी होता. मी मुद्दाम गेले होते. त्याने बरी वाजवली, एवढंच म्हणेन.

पुढे जिना झाला. गोदामाच्या बाजूने, दोन्हीकडे पत्रा, वर जाणारं माणूस कुणाला दिसत नाही असा. दौलतराव पहिल्या पाळीत परत आले. साहेबांनी मला नवा फ्लेक्स सांगितला, या वेळी पटांगणावरच्या त्या रंगीत रेघांच्या फोटोचा. तो पॅकिंग हॉलमध्ये लावायला मी गेले होते. मिल पूर्ण जोरात चालू होती, दहा पावलांवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणून मशीनवरच्या प्रत्येकाकडे वॉकीटॉकी असते. त्यावर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, मशीनच्या नावाने मारतात. काटा, ड्रायर, बॉयलर. मिलची ती जुनी पद्धत आहे.

मी खिळा ठोकत होते. जवळच पॉलिशवर उभ्या असलेल्या दौलतरावांच्या कमरेच्या सेटमधून वनिताचा आवाज आला.

“पॉलिश, सॉर्टेक्स बोलून राहिली. कणकी वाढली. दाब कमी करा.”

कणकी म्हणजे तुटलेला तांदूळ. पॉलिशचा दाब जास्त झाला की दाणा तुटतो, आणि ते आधी सॉर्टेक्सवर दिसतं. सांगायलाच हवं होतं आणि लगेच सांगायला हवं होतं. मध्ये घालायला तिसरं माणूस नव्हतं.

दौलतरावांचा हात कमरेशी गेला आणि थांबला. त्यांनी सवयीने इकडेतिकडे बघितलं. मी जवळ होते. त्यांची नजर माझ्याकडे वळली तशी मी पाठ फिरवली आणि दुसरा खिळा शोधायला लागले.

सेटचं बटन दाबल्याचा खर्र आवाज झाला.

“बोला, सॉर्टेक्स,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, “करतो कमी.”

“केला का?”

“केला. पाहा आता.”

“हो. आता बरोबर येऊन राहिला.”

कापगते साहेब माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. “मॅडम,” ते म्हणाले, “हे घ्या ना फ्लेक्सवर. फोटो काढा याचा.”

“कशाचा काढू साहेब? ती वर आहे, ते खाली आहेत.”

माझा धंदा चित्रांचा आहे आणि त्यात माझा हात धरणारं या तालुक्यात कुणी नाही. पण चित्राचं काम माणसाला बोलतं करण्यापुरतं असतं. त्या दिवशी बोलणं सुरू झालेलं होतं. मी उरलेले खिळे डब्यात टाकले, बिल साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि साकोलीची बस पकडली.